दोन इंचांचा फटका

लांबचा फटका मोठा की जवळचा, यावरून मी आणि दादा सात वर्षं भांडलो. जेवताना भांडलो, बसच्या रांगेत भांडलो, मोरीत अंगाला साबण लावलेला असताना दाराच्या आतून-बाहेरून भांडलो. आई मालवणकडची. ती वैतागून म्हणायची, "त्या बॉलाचां एकदाचां लगीन लावन टाका रे, माझ्या कानाक तरी सुख मेळांदे!"

आम्ही दोघंही कॅडी होतो. साहेब लोक गोल्फ खेळायचे आणि आम्ही त्यांच्या काठ्यांची जड पिशवी खांद्याला लावून मागून चालायचो. बॉल कुठे पडला ते बघायचं, चिखल लागला असेल तर टॉवेलाने पुसून द्यायचा, इथून कुठली काठी घ्या ते हळूच सांगायचं आणि साहेबाचा फटका चुकला की वाऱ्याला दोष द्यायचा. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या चाळीत कुणाला हे काम नीट समजायचं नाही. शेजारचे काका तर मला कायम "काय, आज किती चेंडू हरवले?" असंच विचारायचे.

सोमवारी मैदान साहेबांना बंद असायचं. त्या दिवशी आम्हाला खेळायची परवानगी होती. साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्या, तडा गेलेले बॉल, पायात स्लिपर. दादाकडे एक ड्रायव्हर होता, म्हणजे सगळ्यात लांब मारायची लाकडी डोक्याची काठी. ते लाकूड फुटलेलं होतं. दादाने सरस भरून त्यावर दोरा इतका घट्ट गुंडाळला होता, की बघणाऱ्याला वाटावं हाडाला प्लास्टर घातलंय. पण त्या मोडक्या काठीने तो असा काही फटका मारायचा की बाकीचे कॅडी विडी विझवून उठून उभे राहायचे. पहिल्या होलवर, म्हणजे मैदानाच्या पहिल्या टप्प्यात, उजवीकडे एक जुनं शिरीषाचं झाड होतं. चांगल्या चांगल्या साहेबांचे बॉल त्याच्या अलीकडे पडायचे. दादाचा बॉल त्याच्यावरून जायचा. झकास! मला आजही तो आवाज ऐकू येतो. मी त्याचा सख्खा भाऊ आणि त्याच्याशी रोज भांडणारा, पण त्या आवाजाला माझी छाती फुगायची.

माझं सगळं उलटं. माझा लांबचा फटका नेहमी नाल्यात. पण पटिंगमध्ये, म्हणजे होलच्या जवळ आल्यावर बॉल हळूच आत ढकलण्यात, मला कुणी हरवू शकत नव्हतं. मी ते आमच्या चाळीच्या गॅलरीत शिकलो. त्या गॅलरीला मोरीकडे उतार होता, मध्ये एक फरशी खचलेली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय होते. टोकाला स्टीलची वाटी आडवी ठेवायची आणि इकडून बॉल सोडायचा. खचलेल्या फरशीवर बॉल किती वळणार हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पुढे मैदानावर ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या त्या गालिच्यासारख्या गवताचा, उतार बघायची वेळ आली की मी आणि दादा "मोरी कुठे आहे?" असंच एकमेकांना विचारायचो.

तर वाद असा. गोल्फमध्ये प्रत्येक फटका कार्डावर लिहितात आणि ज्याचे फटके कमी तो जिंकतो. मी म्हणायचो, "साहेबाचं कार्ड बघ. अर्धे फटके ग्रीनवर जातात. तिथे कमी कर, जिंकलास."

दादा म्हणायचा, "अरे येड्या, ग्रीनवर पोचशील तर ना! तू पडलेला असणार झाडीत. तिथे काय गवताला पट मारणार? लांबचा फटका नीट पडला तर जवळचा सोपा होतो. जवळच्याने लांबचा सोपा होतो का? सांग ना."

मग मी माझा हुकमाचा एक्का काढायचो. "दोनशे यार्डांचा फटका पण कार्डावर एक, आणि दोन इंचांचा पण एकच. कार्डाला लांबी कळत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की दादा तोंडाने माझी नक्कल करत ते माझ्याबरोबरच म्हणायचा.

दादाचं लग्न कांजूरमार्गच्या एका मुलीशी ठरत आलं होतं. ती एका कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावायची. सावळी, शांत, आणि हसली की आधी हात तोंडावर. एका सोमवारी मी तिला मैदानाच्या कुंपणापाशी घेऊन आलो होतो, दादाला न सांगता. दादाने शिरीषावरून बॉल मारला. ती तारेला धरून बघत राहिली आणि मग मला हळूच म्हणाली, "पण चेंडू गेला कुठे?" तिला तो दिसलाच नव्हता, इतका लांब गेला होता. मी दादाला हे सांगितलं तेव्हा तो आठवडाभर हसत होता. भाजी निवडतानाही मध्येच म्हणायचा, "पण चेंडू गेला कुठे?"

तिच्या वडिलांना दादा आवडला होता, त्याचं काम नाही. ते स्पष्ट म्हणाले, "मुलगा सोन्यासारखा आहे. पण पिशव्या उचलणं ही काय नोकरी झाली? पर्मनंट होऊ दे, दुसऱ्या दिवशी साखरपुडा करू." यात त्यांचं काय चुकलं? काही नाही. माझी बहीण असती तर मीही तेच म्हटलं असतं.

आणि त्याच वर्षी ती संधी आली. क्लबच्या नवख्या मेंबरांना शिकवणारा म्हातारा असिस्टंट गावी परत गेला होता. दिवाळीनंतर दरवर्षी आम्हा कॅडींची स्पर्धा व्हायची. त्यात जिंकेल त्याला ती जागा देऊ, असं सेक्रेटरी साहेबांनी जाहीर केलं. पक्की नोकरी. खिशावर चिन्ह असलेला पांढरा शर्ट. पुढच्या गेटने आत. आईने ते ऐकून देवाला नारळ बोलला आणि दादाने त्या फुटक्या ड्रायव्हरला नवा दोरा गुंडाळला.

स्पर्धा दोन दिवसांची होती. मी पहिल्याच दिवशी बाहेर पडलो, कारण तीन बॉल नाल्यात. दादा हसून म्हणाला, "आता कार्डाला सांग तुझं पटिंग!" जे बाहेर पडायचे त्यांनी दुसऱ्या दिवशी आतल्यांची पिशवी उचलायची, अशी आमच्यात पद्धत होती. मी अर्थातच दादाची घेतली.

दुसऱ्या दिवशी दादा जे खेळला ते मी शब्दांत नाही सांगू शकत. प्रत्येक लांबचा फटका मधोमध. आणि ग्रीनवर मी उतार सांगायचो तसाच्या तसा मारायचा. सात वर्षं भांडलेले आम्ही दोघं त्या दिवशी एकच माणूस झालो होतो, लांबचं त्याचं आणि जवळचं माझं. शेवटच्या होलला आलो तेव्हा दादा आणि त्याच्याबरोबर खेळणारा एक उंच कॅडी, दोघांचे फटके सारखे होते. त्या उंच माणसाने त्याचा होल आधी संपवला. आता दादाने दोन पटमध्ये बॉल आत घातला तर तो एका फटक्याने जिंकणार होता.

अंतर मोठं होतं. मी खाली बसून बघितलं आणि त्याला म्हटलं, "मोरी डावीकडे. दीड हात." दादाने मान हलवली आणि मारला. बॉल वळला, उतरला, होलकडे आला आणि होलच्या काठाशी येऊन थांबला. दोन इंच. फार तर दोन.

टाळ्या वाजल्या. बाकीचे कॅडी ओरडायला लागले. तो उंच माणूस हसत पुढे आला आणि त्याने दादापुढे हात केला. आणि मी वाकलो, बॉल उचलला आणि टॉवेलाने पुसायला लागलो.

का? लोकांनी विचारलं नाही, पण मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. पाच वर्षं मी एका जाड्या शेठची पिशवी उचलत होतो. त्याने कधी वीतभर अंतराचा पट मारला नाही. साहेब लोक आपसात खेळताना असले जवळचे बॉल एकमेकांना सोडून देतात. "दिला," असं समोरचा म्हणतो आणि कॅडीने पटकन बॉल उचलायचा, कारण मागे दुसरे साहेब खोळंबलेले असतात. माझा शेठ तर समोरच्याने म्हणायचीही वाट बघायचा नाही. टाळी वाजली, हात पुढे आला, की मी वाकायचो. पाच वर्षं, आठवड्यातले चार दिवस. त्या दिवशीही टाळी वाजली, हात पुढे आला. माझं डोकं तिथे नव्हतंच. वाकला तो फक्त हात.

स्पर्धेत सोडून देणं नसतं. प्रत्येक बॉल आत पडलाच पाहिजे, आणि त्याआधी उचलला तर एक फटका दंड. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते नवीन कॅडींना शिकवायचो! दोन इंचांचा पण एकच, हे वाक्य कुणाचं होतं?

टाळ्या एकदम बंद झाल्या. दादा माझ्या हातातल्या टॉवेलाकडे बघत होता. सेक्रेटरी साहेब खुर्चीतून उठून ग्रीनवर आले आणि त्यांनी विचारलं, "बॉल किसने उठाया?"

आता इथे मला थांबून नीट सांगायला हवं. त्याच्या आदल्याच आठवड्यात आमच्या कॅडीमास्तरने एकाचा बॅज काढून घेतला होता, कारण त्याने चुकून साहेबाचा बॉल पायाने हलवला होता. बॅज गेला की मैदान गेलं. मास्तर तिथेच उभा होता, माझ्यापासून पाच पावलांवर. मी बावीस वर्षांचा होतो, लहान नव्हतो. बॉल माझ्या हातात होता. सगळ्यांनी बघितलं होतं. मला फक्त "मी, चुकून" एवढं म्हणायचं होतं. मी टॉवेलाने बॉल पुसतच राहिलो.

दादा म्हणाला, "मैंने बोला था उसको, साहेब. मेरे बोलने पे उठाया."

त्याने माझ्या हातातून बॉल घेतला, काठाशी परत ठेवला आणि आत ढकलला. टक् असा आवाज झाला. एक फटका दंडाचा धरून दोघांची बरोबरी झाली. कप विभागून दिला. पण जागा एकच होती आणि ती विभागता येण्यासारखी नव्हती.

संध्याकाळी साहेबांनी दादाला ऑफिसच्या पायरीपाशी बोलावलं. मी पिशवी घेऊन बाजूलाच होतो. जागा त्या उंच माणसाला दिली होती. साहेब चिडलेले नव्हते. उलट वाईट वाटल्यासारखंच म्हणाले, "कॅडी से गलती होती है तो मैं समझता. लेकिन तूने खुद बोला उठाने को. जिसको रूल मालूम नहीं, वो मेंबर को क्या सिखाएगा?"

म्हणजे मी बोललो असतो तर जागा दादाला मिळाली असती! हे मला तिथेच कळलं, पायरीपाशीच, साहेबांचं वाक्य संपायच्या आत. दादालाही कळलं. त्याने माझ्याकडे बघितलं. एकदाच. रागाने नाही रे, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तो थांबला होता. मी वाकून पिशवीतल्या काठ्या नीट लावायला लागलो. त्या आधीच नीट होत्या.

घरी आलो तर आई दारातच उभी. "काय झालां रे झिला?" दादा म्हणाला, "बरोबरी झाली, आई. अर्धा कप आपला." आणि चप्पल काढून सरळ गॅलरीत गेला. तिथे माझी वाटी आडवी पडलेली होती. त्याने ती उचलून आत आणून भांड्यांत ठेवली.

चाळीत आणि मैदानावर एकच गोष्ट पसरली की जिंकत आल्यावर त्याच्या डोक्यात हवा गेली, दोन इंचांचा पट मारायला कमीपणा वाटला. कांजूरमार्गपर्यंत तीच गोष्ट गेली. तिच्या वडिलांनी साखरपुड्याचं नाव काढणं सोडलं. महिन्याभराने ती स्वतः आली. घरी नाही, आमच्या डोंगराच्या पायथ्याशी नळाजवळ मला गाठून म्हणाली, "भाऊजी, एकच विचारते. त्यांनी खरंच गर्वाने उचलायला लावला का?"

ती मला भाऊजी म्हणाली. लग्न व्हायच्या आधीच. मी तिच्या तोंडावर म्हणालो, "मला माहीत नाही. मी तेव्हा पिशवी लावत होतो."

तिने मान हलवली. त्या वेळी तिचा हात तोंडावर गेला तो हसण्यासाठी नव्हता. पुढच्या मे महिन्यात मुलुंडच्या एका पर्मनंट माणसाशी तिचं लग्न झालं. दादाने बॅज परत केला आणि दहिसरला चेकनाक्याजवळ एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाऊनमध्ये लागला. राहायलाही तिकडेच. तो ड्रायव्हर तो माळ्यावर ठेवून गेला. आमचा वाद संपला, कारण भांडायला कुणी राहिलंच नाही. जेवताना आई कधीतरी रिकाम्या पाटाकडे बघून म्हणायची, "घर कसां मुकां झालां."

दोन वर्षांनी तो उंच माणूस दुबईला गेला आणि जागा पुन्हा रिकामी झाली. सेक्रेटरी साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, मेंबरांना पटिंग शिकवणारा माणूस पाहिजे, तुझा हात चांगला आहे. मी त्यांच्या टेबलासमोर उभा होतो. त्यांनी कागदावर सही केली आणि सहज म्हणाले, "तेरा भाई भी अच्छा था. लंबा मारता था. बस, रूल नहीं आता था बेचारे को."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मास्तर रिटायर झाला होता. माझा बॅज कुणी घेणार नव्हतं. भीतीचं काहीएक कारण उरलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "जी साहेब."

रविवारी मी पेढे घेऊन दहिसरला गेलो. गोडाऊनच्या मागे दादाची खोली होती, एक खाट, एक स्टोव्ह. मला बघून त्याला खरंच आनंद झाला. माझ्या पांढऱ्या शर्टाची कॉलर त्याने दोन बोटांनी धरून बघितली, खिशावरच्या चिन्हावरून अंगठा फिरवला. "आयला, साहेब झालास की रे!" म्हणाला. चहा टाकला. आईची चौकशी केली. मग स्टोव्हकडे तोंड करून, पाठमोराच, त्याने विचारलं, "सेक्रेटरी साहेब माझ्याबद्दल काही बोलले?"

"म्हणाले, तुझ्यासारखा लांब कुणी मारत नव्हतं."

"आणखी?"

मी खाटेवरची चादर सरळ करायला लागलो. पण तो सात वर्षं माझ्याशी भांडलेला माणूस होता, माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्याला कळायचा. स्टोव्हचा आवाज येत होता. त्याने मागे वळून बघितलं, त्या संध्याकाळी पायरीपाशी बघितलं होतं तसंच, आणि विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

मी पेढ्यांचा पुडा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने एक पेढा घेतला, पण खाल्ला नाही. हातात धरून थांबून राहिला. चहा उतू गेला तरी थांबला. एवढंसं अंतर होतं, मला फक्त तोंड उघडायचं होतं. त्याने मला पुन्हा संधी दिली होती आणि मी पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत बसलो.

शेवटी त्याने पेढा तोंडात टाकला. "गोड आहे," म्हणाला, आणि फडक्याने सांडलेला चहा पुसायला लागला.